फुली

श्रीरंग खोतांनी कागद आणले
बिस्किटांच्या डब्यात, वर डांबरगोळ्या.
"जमिनीचं काही निघतंय का बघा, बाई.
पानाला दीडशे देईन."
खाडीला ओहोटी होती. माझ्या खिडकीखाली
मचव्याची जुनी फळी चिखलात उताणी.

मोडी लिहिणारा आधी रेघ ओढतो
पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग तिच्यावर अक्षरं वाळत घालतो
हात न उचलता.
हात न उचलता, असं मी शाळेत सांगायची
तेव्हा मागच्या बाकावर हसू फुटायचं,
माझ्या हाताचा लौकिक होता म्हणून.

शके सतराशे तीन, माघ.
नारळ अकराशे. सुपारी दीड मण.
म्हैस एक, दुसऱ्या वेताची, रुपये बावीस.
कुणबीण एक, नाव फुली, उमर अजमासे तेरा,
रुपये पंचेचाळीस. जकात निराळी.
खाली विकणाऱ्याची निशाणी, नांगर.
बाईमाणसाची निशाणी बांगडी असते.
इथे बांगडी नाही.
तिला कुणी विचारलंच नव्हतं,
ती उमटवणार कुठे?

नाव आईनं ठेवलं असेल,
किंवा दारात उभी केल्यावर खोतांनी.
किंवा कारकून नुसता टाक टेकून थांबला असेल
नावाची वाट बघत,
आणि कागदावर पडली असेल एक फुली.

पुढची पानं मी रात्री वाचली.
"फुलीस मुलगा जाहला. सुईणीस अधेली."
बापासाठी शाई नाही, कोरी जागाही नाही.
त्याच महिन्यात घरधनीण माहेरी,
पालखीचे भोई चार, त्यांची पोटगी.
आठ वर्षांनी, "लेकवळा भिकू, गुरांकडे."
लेकवळा. त्या शब्दात लेक आहे.
खोतांच्या वंशावळीत नाही.

श्रीरंगराव दर शुक्रवारी यायचे.
मधलं एक पान त्यांना फार आवडलं.
"फुलीस लुगडे एक, जरीकाठी, रुपये तीन."
"बघा! जरीकाठी! जीव होता हो तिच्यावर.
लग्नाच्या बायकोसारखी ठेवली असणार."
त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.
माणूस चांगला. येताना कोकमं आणतो.

मी बोट वर सरकवलं,
आठ दिवस आधीच्या ओळीवर.
"तरीवाल्यास इनाम. कुणबीण पळोन जात होती
ती पोरासुद्धा धरून दिली, सबब चार आणे."

म्हणजे तरीपर्यंत पोचली होती.
पलीकडचे माड दिसत असणार. इथूनही दिसतात,
हाक मारली तर कुणी ओ देईल इतके जवळ.
कडेवर पोर. कनवटीला काय असेल?
तरीवाल्यानं भाडं आधी मागितलं असेल का?
आणली परत.
मग लुगडं.

श्रीरंगराव कोकमांची पिशवी
बांधत राहिले, सोडत राहिले.
"मोलकरीण लिहा ना," म्हणाले. "चार लोक वाचतील.
मुलीचं ठरतंय माझ्या."
मी म्हटलं, मोल तिच्या नावे कुठेच पडलेलं नाही.
एकदाच दिलं गेलं, ते नांगरवाल्यानं नेलं.
"बरं. पण त्यांचे… संबंध होते, एवढं तरी?"
पाटासमोर ताट ठेवावं तसा
त्यांनी तो शब्द माझ्यापुढे ठेवला, हळू, सरळ करून.
वहीत तो नाही, म्हटलं. वहीत खर्च आहे.

शेवटच्या पानावर तिच्या नावावरून
दोन तिरक्या रेघा गेल्यात.
मेली, विकली, की दुसऱ्यांदा तर गाठली,
काही लिहिलेलं नाही.
फुलीवर फुली.

मी कुणबीणच लिहिलं. बिल केलं.
एकतीस पानं, त्यात सहा तिची,
म्हणजे तिचे नऊशे.
त्यांनी मोजून दिले.
मी मोजून घेतले.